नातेलाचा मठ

धान पिवळा पडला की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. तापाचे पेशंट कमी होतात आणि विळ्याने कापलेली बोटं यायला लागतात. बांधीत वाकून वाकून कंबर धरलेल्या बाया येतात, धानाच्या भाऱ्यांची पुंजणं रचताना वरून घसरलेली माणसं येतात. सगळ्यांच्या कपड्यांना तणसाचा वास असतो. देवरीच्या या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर आहे. खिडकीबाहेर रायपूरकडे जाणारे ट्रक दिसतात आणि त्यांच्या पलीकडे जंगल. दिवाळी होऊन गेलेली असते, सकाळच्या हवेत बारीक गारवा असतो. दरवर्षी याच दिवसांत, टाके घालता घालता, मला मेणाचा वास आल्यासारखं होतं. जळत्या मेणबत्तीचा नाही, नुकत्याच विझवलेल्या.

तो वास जॉर्जियातला आहे. बर्फाचे डोंगर आणि काळा समुद्र यांच्या मधला हा लहानसा देश. आमच्या भागातली बरीच मुलं आता तिकडे डॉक्टरी शिकायला जातात. मीही गेले होते. आमगावजवळच्या आमच्या घरातून निघून मी तिथे पोचले, तेव्हा मला जग म्हणजे गोंदिया स्टेशनापलीकडचं सगळं एकच वाटत होतं. शिकायला बरीच वर्षं लागली. त्यातला आठवणीत राहिलेला हंगाम एकच, शरदातला, द्राक्षांच्या तोडणीचा.

त्या हंगामाच्या आधी मी नापास झाले होते.

पुस्तकातलं सगळं शिक्षण इंग्रजीत होतं, त्यात मला अडचण नव्हती. पण पेशंटशी बोलायचं त्यांच्या भाषेत, जॉर्जियनमध्ये, आणि त्याची तोंडी परीक्षा पेशंटच्या खाटेशी उभं राहून द्यायची. मला एक म्हातारा दिला होता. मी पाठ केलेले प्रश्न विचारले. तो भरभरून बोलला, मधे डोळे पुसले, छातीवर हात ठेवला. मी वहीत लिहिलं, छातीत दुखतं. परीक्षा घेणाऱ्या आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तो तुला त्याच्या बायकोबद्दल सांगत होता. ती गेल्या महिन्यात गेली. त्याला ॲडमिट केलंय ते पायाच्या जखमेसाठी." मग म्हणाल्या, "हंगाम संपला की पुन्हा ये." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री घरी फोन केला. माझी माय आमगावच्या बाजाराच्या पलीकडे कधी एकटी गेलेली नाही.

"काऊन वो बाई, आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"काही नाही. सर्दी झाली."

"तिथली लोकं बोलतेत ते समजते का तुले?"

"समजते."

"नाही समजलं त इचारून घ्याव. लाजू नोको."

फोनवरून तिला काय कळलं, कोण जाणे.

आमच्या कॉलेजच्या शहराच्या वर, डोंगराच्या कुशीत, एक जुना मठ होता. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधूंचा, मध्ययुगातला. बाजारातून व्हॅन सुटायची आणि वळणं घेत वर जायची. सुट्टी पडल्यावर एका दुपारी मी तिच्यात बसले. भक्तीचा काही प्रश्न नव्हता. वसतिगृहात सगळ्या मैत्रिणी पास झालेल्या होत्या आणि मला कुठेतरी जायचं होतं, एवढंच.

वळण संपलं आणि तो दिसला. पिवळसर दगडाचे मोठमोठे चिरे, वर हिरवट झालेलं पत्र्याचं छप्पर, मधोमध उंच गोल मान आणि मानेवर शंकूसारखं टोक. गोंदियाजवळच्या आपल्या नागऱ्याच्या महादेवाचं देऊळ मी लहानपणापासून पाहिलेलं. तिथेही दगडावर दगड, तिथेही शतकांचं वय. पण आपलं देऊळ आत शिरलं की अंधार होतो, गाभाऱ्यापर्यंत वाढतच जातो. इथे उलट होतं. बाहेरून जड वाटणारी ती इमारत आत गेल्यावर हलकी होती. जमिनीवर तिचा आराखडा क्रुसाचा, आणि क्रुसाच्या दोन्ही दांड्या जिथे छेदतात तिथे वर घुमट. घुमटाच्या मानेत सगळीकडून उभट खिडक्या. प्रत्येक खिडकीतून उजेडाचा एक तिरपा पट्टा खाली आलेला, आणि त्या पट्ट्यांत धूप तरंगत असलेला. भिंती खालपासून वरपर्यंत रंगवलेल्या. निळ्या रंगावर संत, राजे, राण्या, देवदूत. समोरच्या अर्धगोलात सोनेरी काचेच्या बारीक तुकड्यांची माय आणि तिच्या मांडीवर लेकरू. बसायला बाक नाही. तिथे लोक उभ्यानेच प्रार्थना करतात.

मी एवढं पाहते आहे तोवर मागून कुणीतरी माझी बाही ओढली. काळ्या कपड्यातली एक ठेंगणी म्हातारी. ती जोरजोरात काहीतरी म्हणत होती. मला एकही शब्द कळेना. तिने स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालाकडे बोट दाखवलं, मग माझ्या डोक्याकडे. मी ओढणी डोक्यावरून घेतली. आपल्या बाया घेतात तशी, एका झटक्यात. म्हातारी थांबली. तिने ओढणीच्या कडा नीट केल्या आणि मला एक मेणबत्ती दिली.

ती नातेला. दाराशी लाकडी पेटी मांडून मेणबत्त्या विकायची.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. तिने विचारलं, काय शिकतेस? मी गळ्यात स्टेथोस्कोप घालायची खूण केली. मग मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं की भाषा येत नाही, म्हणून नापास. हे वाक्य मला चांगलं यायचं. नातेलाने पेटीला कुलूप लावलं, माझा हात धरला आणि मला भिंतीपाशी नेलं. एका संताच्या डोळ्याकडे बोट करून म्हणाली, "त्वाली." मी म्हणाले, त्वाली. हाताकडे बोट करून म्हणाली, "खेली." गुडघ्याला, "मुखली."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. त्या भिंतींवरच्या बऱ्याच संतांना तोंडं उरलेली नव्हती. कुणाचे डोळे कधीतरी खरवडलेले, कुणाचा गिलावा गळालेला. ज्याला चेहरा नव्हता त्याचे हात मात्र अखंड असायचे. त्यामुळे डोळे, नाक, कान मी उत्तरेकडच्या भिंतीवर शिकले आणि हात, बोटं, नखं दक्षिणेकडच्या. पोटाची अडचण झाली. सगळे संत पायघोळ झग्यात. शेवटी नातेलाने स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाली, "मुत्सेली!" मेणबत्ती लावणारी एक बाई दचकून आमच्याकडे बघायला लागली.

शब्दांमागोमाग वाक्यं आली आणि वाक्यांमागोमाग मठाचा इतिहास. नातेलाचा इतिहास रोज थोडा बदलायचा. एका दिवशी राजाने तो लढाई जिंकल्यावर बांधला. दुसऱ्या दिवशी तोच राजा पापाच्या पश्चात्तापाने रडत होता आणि म्हणून बांधला. एकदा तर सगळं त्याच्या आईच्या सांगण्यावरून झालं. मला त्या विषयाची परीक्षा नव्हती, मी हरकत घेतली नाही. एक गोष्ट मात्र तिच्या सगळ्या सांगण्यात सारखी असायची. तो राजा मठाच्या जुन्या वेशीच्या वाटेवर पुरलेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय आपल्या छातीवर पडावा, असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. लांबरुंद शिळा, तिच्यावर झिजलेली अक्षरं. आपल्याकडेही देवाच्या दारात पायरी होऊन पडलेले संत झालेच. पण मला त्या शिळेवर पाय ठेवता येईना, मी कडेने जायची. नातेला सरळ तिच्यावरून चालत जायची. "त्यानेच सांगितलंय ना," म्हणायची.

बाजूला छप्पर नसलेला एक लांब दिवाणखाना होता, भिंतीला लागून दगडी बाकांची रांग. तिथे पूर्वी विद्यापीठासारखं काहीतरी भरायचं. त्याच्याही पलीकडे, नातेला म्हणायची, आजाऱ्यांसाठी घर होतं आणि साधू त्यांची सेवा करायचे. आता तिथे गवत आणि एक अक्रोडाचं झाड. पुढे शत्रू आले, त्यांनी मठ जाळला. पुन्हा बांधला. मग रशियन बादशहाच्या अंमलात कुणीतरी भिंतींवर चुना फासला आणि संत चुन्याखाली गेले. मग देवच नको म्हणणारं सरकार आलं आणि मठाचं संग्रहालय झालं. नातेला तरुणपणी त्या संग्रहालयात तिकिटं फाडायला लागली. चित्रांवरचा चुना बारीक चाकूने खरवडणारी माणसं तिने पाहिलेली. ते सरकारही गेलं, साधू परत आले, घंटा वाजायला लागली. तिकिटांच्या जागी मेणबत्त्या आल्या.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी काय करणार? खुर्ची तीच आहे."

हे सांगताना ती हसली नाही की हळहळली नाही. इमारतीचं जे झालं तेच तिचंही झालं होतं. दोघी जागच्या जागी राहिल्या आणि मालक बदलत गेले.

डोंगराखाली तोवर द्राक्षं तोडून झाली होती. तिथे वेल झाडांवर चढवतात, माणसं शिड्या लावून उंचावरून घोस काढतात. घराघरांच्या ओसरीत अक्रोडाच्या माळा द्राक्षाच्या दाट रसात बुडवून टांगलेल्या. अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. सगळ्या वाटेवर आंबूस गोड वास. इकडे फोनवर माय सांगायची, कापणी झाली, भारे बांधून झाले, मजूर मिळून नाही राह्यले. मला एकाच वेळी दोन सुगींची खबर असायची आणि दोन्हींत माझा हात नव्हता. परदेशात राहणाऱ्या माणसाला ही एक सवलतच म्हणायची. बघायला मिळतं आणि कंबर दुखत नाही.

दुखण्यावरून आठवलं. आमच्या दवाखान्यात परवा एक आजी आणली होती, जंगलातल्या गावाची. ती फक्त गोंडी बोलते. मी तिच्याकडे बघून विचारायला लागले, तर तिचा मुलगाच उत्तरं देऊ लागला.

"म्याडम, तिले काय इचारता? मी सांगून राहिलो ना. पोट दुखते तिचं."

"तिलाच सांगू दे."

"तिले मराठी नाही येत."

"मला गोंडी नाही येत. म्हणून काय झालं?"

आमच्या सिस्टर त्याच भागातल्या. त्यांना बोलावलं. आजी सिस्टरांशी बराच वेळ बोलली. पोट दुखत नव्हतं, तिला लघवीची जळजळ होती आणि ते मुलासमोर सांगायची लाज वाटत होती. मुलगा मग बाहेर जाऊन बसला. दुखणं सांगणाऱ्याला भाषा लागते आणि ऐकणाऱ्याला वेळ. दोन्ही एका ठिकाणी क्वचित असतात.

तर नातेला. हवा गार होत गेली तशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. व्हॅनच्या थांब्यापासून मठापर्यंत थोडा चढ आहे. नातेला घंटाघरापाशी थांबायची आणि खालच्या दरीकडे बघत राहायची. आधी मला वाटायचं, देखावा बघते. मग दिसलं की ती ओठांनी श्वास घेते आहे. एका सकाळी ती तिथेच थांबलेली होती, डावा हात जबड्याला लावून, आणि त्या थंडीत तिच्या कपाळावर घाम होता.

हे पुस्तकात मी इंग्रजीत वाचलेलं होतं. शंकेला जागा नव्हती. तिला सांगायला हवं होतं की तुझं हृदय दुखतं आहे, दवाखान्यात चल. जॉर्जियनमध्ये दुखण्याचं क्रियापद फार अवघड. ज्याला दुखतं त्याची खूण शब्दाच्या सुरुवातीला, एका अक्षरात. मला दुखतं तर 'म', तुला दुखतं तर 'ग'. त्या अक्षराला स्वर नाही, ते पुढच्या अक्षरांत बुडून जातं. मी घाबरले होते. मनात वाक्य जुळवलं आणि म्हणाले, "नातेला, गुली म्टकिवा. दवाखाना."

तिचा चेहराच बदलला. तिने जबड्यावरचा हात काढला आणि माझ्या गालावर ठेवला. काहीतरी भराभर विचारलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, अजून मोठ्याने. तिने जवळ उभ्या असलेल्या एका ख्रिस्ती जोगिणीला हाक मारली, पेटीची किल्ली तिच्या हातात दिली, माझा दंड धरला आणि मला उताराने खाली न्यायला लागली. मला वाटलं, पटलं हिला. इतक्या सहज पटेल असं वाटलं नव्हतं.

व्हॅनमध्ये ती माझी पाठ चोळत होती. मला पाणी पाजत होती. "गेनात्सवाले," म्हणत होती, पुन्हा पुन्हा. हा तिथल्या बायांचा लाडाचा शब्द. तुझ्या जागी मी असो, असा त्याचा काहीसा अर्थ. तुझी इडापिडा माझ्यावर येवो म्हणत आपल्या बाया कानशिलावर बोटं मोडतात, तसंच. मग ती पुढे वाकून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. त्यातले दोन शब्द मला लागले. गोगो, म्हणजे मुलगी. गुली, म्हणजे हृदय. मुलीचं हृदय दुखतंय, जरा लवकर घे.

तेव्हा मला कळलं की मी 'ग' ऐवजी 'म' म्हणाले होते.

चूक दुरुस्त करणं सोपं होतं. पण खरं सांगितलं असतं तर नातेला पुढच्या वळणावर उतरली असती, हे मला तिची भाषा न येताही कळत होतं. ती स्वतःसाठी कुठेच जाणाऱ्यातली नव्हती. मी छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. नातेलाने मला आणखी जवळ ओढलं. तिचा श्वास माझ्या कानाशी शिट्टीसारखा वाजत होता.

दवाखाना आमच्या कॉलेजचाच होता, ड्युटीवरचे डॉक्टर ओळखीचे. मी त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी आधी गंभीर चेहऱ्याने माझी नाडी पाहिली, मग नातेलाला म्हणाले, "आजी, आलाच आहात तर तुमचीही ईसीजीची पट्टी काढू." तिने नाही म्हटलं. पण एव्हाना ती स्टुलावर बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. पट्टी काढली. मग सगळे जण पळायला लागले.

संध्याकाळपर्यंत तार घालून तिच्या हृदयाची नस मोकळी केलेली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं आणि दुसऱ्या गावाहून धावत आलेल्या तिच्या मुलीलाही सांगितलं. मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली. नातेला माझ्याशी बोलली नाही. मी रोज जायची, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मुलगी म्हणाली, "तिचं म्हणणं आहे की तू मठाच्या दारात खोटं बोललीस."

मी खाटेशी बसून राहायची. वॉर्डात दुसऱ्या म्हाताऱ्या होत्या. त्या आपसांत बोलायच्या, मी ऐकायची. दुखण्याचं, सुनांचं, पावाच्या भावाचं. कुणी मला शिकवत नव्हतं. एका दुपारी मला वाटलं नातेला झोपली आहे, म्हणून मी हळूच तिच्या मुलीला त्या सकाळी काय झालं ते सांगायला लागले. माझं वाक्य अर्ध्यात असताना भिंतीकडून आवाज आला.

"ग."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं.

"म म्हणजे मी. ग म्हणजे तू," नातेला भिंतीला म्हणाली. "ग्टकिवा. म्हण."

मी म्हणाले.

"परत."

मी परत म्हणाले. मग तिने कूस बदलली आणि पाणी मागितलं.

परीक्षा झाली. या वेळी खाटेवर एक बाई होती, फार भराभर बोलणारी. अर्धं कळलं. जे कळलं नाही ते तिलाच पुन्हा विचारून घेतलं. ती न कंटाळता सांगत गेली. मॅडमनी सही केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्या दिवसाबद्दल आणखी काही आठवत नाही.

नातेलाचं घर मठाच्या उताराखालीच होतं. चढायला तिला मनाई झाली होती. मेणबत्त्यांच्या पेटीवर आता जोगीण बसायची. नातेला घरी परतल्यावर तिच्या मुलीने मला जेवायला बोलावलं. गेले तर ओसरी भरलेली. आळीतल्या बाया, दोन म्हातारे, त्या दिवशीचा व्हॅनचा ड्रायव्हर. लांब मेज, त्यावर मक्याच्या भाकरी, चीज, अक्रोडाच्या वाटणातली वांगी, नव्या द्राक्षांची वाइन. नातेलाला वाइनची मनाई होती, ती रिकामा पेला हातात धरून मेजाच्या टोकाशी बसली होती. मला तिने शेजारी बसवलं. माझी ओढणी नीट केली आणि सगळ्यांना गोष्ट सांगायला लागली.

ही मुलगी बघा, ती म्हणाली, किती लांबून आलेली. तिकडे हिची माय भाताच्या शेतात वाट बघते आहे. एक दिवस माझ्या दाराशी आली, ओठ पांढरे, अंगाला घाम. म्हणाली, नातेला, माझं हृदय दुखतं. मी काय करणार? माझे गुडघे हे असे, उतार हा असा. पण मी हिला धरलं आणि खाली नेलं. वाटेत दोनदा मला वाटलं, ही जाते आता. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही आणली म्हणून वाचली. मग त्या धावपळीत मलाही जरा थकवा आला, म्हणून मला थोडे दिवस ठेवून घेतलं.

मेजाभोवती सगळे ऐकत होते. ड्रायव्हर मान डोलवत होता, त्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नातेलाची मुलगी ताटाकडे बघत होती. आणि मला सगळं समजत होतं. एकही शब्द सुटला नाही. कुठे म होता, कुठे ग होता, सगळं.

समोरची एक बाई उठली, मेजाला वळसा घालून आली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आता दुखत नाही ना, पोरी?" तिने विचारलं.

नातेला माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले, तिच्या भाषेत, नीट. "आता मला दुखत नाही."